राजमतीच्या नावाची बाटली

आष्ट्यात धन्यकुमार मगदुमांचं घर शोधायला पत्ता लागत नाही. स्टँडवर उतरून कुणालाही "वासवाले मगदूम" एवढं विचारा. तो माणूस आधी हसेल आणि मग हात करून गल्ली दाखवेल. गल्लीत शिरलात की पुढचं काम तुमचं नाकच करतं. एखाद्या दिवशी तिथं ओल्या पोत्याचा वास येत असतो, दुसऱ्या दिवशी नुकत्या उतरवलेल्या गुळाचा, तिसऱ्या दिवशी शाळेच्या कोऱ्या पुस्तकांचा. शेजारच्या लालासाहेबांनी एकदा गॅस सुटला म्हणून अख्खं घरदार रस्त्यावर आणून उभं केलं होतं. गॅस कसला, मगदुमांचा नवा प्रयोग होता तो. लालासाहेब तेव्हापासून त्यांच्याशी फक्त सणासुदीला बोलतात.

मगदूम अत्तर करतात. पण त्यांच्याकडं गुलाब, मोगरा मागायला जाल तर पाणी पाजून परत पाठवतील. "फुलाला वास हाईच की. त्यात मी आनि काय दिवं लावणार?" असं त्यांचं म्हणणं. त्यांचं काम वेगळं. एका माणसासाठी एकच अत्तर. त्या माणसाच्या आयुष्यातला खास त्याचा असा वास हुडकायचा आणि बोटाएवढ्या बाटलीत भरून द्यायचा. सांगलीच्या हळदीच्या सौद्याचा वास त्यांनी एका डॉक्टरीणबाईंना करून दिला. त्या बाईंचे वडील यार्डात हमाल होते. बाटलीचं नाव 'मार्केट यार्ड, फेब्रुवारी'. गुऱ्हाळाच्या अत्तराचं नाव 'तिसरं आधण', कारण पहिल्या दोन आधणांना मगदुमांच्या मते खरा वास धरत नाही. मुलगी कीर्ती पुण्यात नोकरी करते, ती या बाटल्यांचे फोटो मोबाइलवर टाकते आणि जगभरातनं निरोप येतात. मगदूम ते निरोप वाचत नाहीत. मोबाइलला वास नसतो, म्हणून त्यांचा त्यावर विश्वास नाही.

नाक त्यांना जन्मजात होतं. लहानपणी आई दुधाचं पातेलं त्यांच्यापुढं धरायची आणि म्हणायची, "धन्या, हुंग." धन्या हुंगून सांगायचा की हे संध्याकाळपर्यंत टिकंल, हे टिकायचं नाही. पुढं सांगलीत बी.एस्सी. केलं, कुपवाडला एका उदबत्तीच्या कारखान्यात सतरा वर्षं काढली. त्या कारखान्यात चाळीस नावांच्या उदबत्त्या निघत आणि त्यांत वास तीनच असत. हे सगळ्यांना माहीत होतं. मगदुमांनी ते मालकांच्या वाढदिवसाला, सत्काराच्या भाषणात सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते घरी होते.

धर्मानं जैन, आणि धर्म पाळायचा तो नाकासकट. कस्तुरी नको, कुठल्याच जनावराचं काही नको. एकदा त्यांनी मंदिरातल्या उपाध्यांना विचारलं, "सुक्या बोंबलाचा वास घेतला तर ते खाल्ल्यात धरायचं का?" उपाध्यांना असला प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी तीन दिवस विचार केला आणि सांगितलं की वास येणं वेगळं आणि घेणं वेगळं, येतो तो येऊ दे, आपण होऊन घेऊ नये. आता अत्तरवाल्यानं वास घ्यायचा नाही म्हणजे काय करायचं? मगदुमांनी आपल्यापुरता तोडगा काढला. असा एखादा वास घ्यावा लागला की एक उपवास. गंमत अशी की उपाशी पोटी त्यांचं नाक आणखीच लख्ख चालायला लागलं. तेव्हापासून वर्षातलं मोठं काम ते दशलक्षणाच्या दहा दिवसांत, एक वेळ जेवून करतात. त्या दिवसांत पलीकडच्या गल्लीत कुणी शेंगदाणे भाजले तरी हे घरात बसून सांगतात की एक बाजू करपली.

असा हा माणूस. एकशे बारा जणांसाठी एकशे बारा वासांची अत्तरं त्यांनी केली. आणि फळीवर एकशे तेराव्या बाटलीवर 'राजमती' अशी चिठ्ठी लावलेली. बाटली रिकामी.

राजमती म्हणजे त्यांची बायको. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण या बाईनं नवऱ्याच्या हातचं अत्तर एकदाही अंगाला लावलं नाही. मगदुमांनी सात वेळा प्रयत्न केला. चंदन झालं, वेलची झाली, तिच्या माहेरच्या विहिरीचा वास म्हणून एक केला. प्रत्येक वेळी ती बाटली नाकाशी न्यायची, दोनदा शिंकायची, "चांगलं हाय" म्हणायची आणि फरशी पुसायच्या बादलीत दोन थेंब टाकायची. लोक ज्या बाटलीसाठी सहा-सहा महिने थांबतात, ती मगदुमांच्या घरी फरशीला लागते. मगदूम कुणाला सांगत नसत, पण हे त्यांना फार लागायचं. जगाचा वास ओळखणाऱ्याला घरच्या माणसाचा वास सापडेना, तर तो कसला अत्तरवाला? मनातल्या मनात ते रोज स्वतःला हेच विचारत.

श्रावणात कोरेगावहून सुभेदार सयाजी आले. वय चौऱ्याहत्तर, पाठ अजून ताठ. जीपमधनं त्यांनी एकट्यानं एक काळी पत्र्याची पेटी उतरवली आणि मगदुमांच्या सोप्यात आणून ठेवली.

"लगनाला पन्नास वर्सं हुत्यात. दिवाळीमागनं मांडव घालायचाय. मालकिणीला अत्तर द्यायचं. नातू म्हनला, तुमी करता."

"त्यास्नी कसला वास आवडतो?" मगदुमांनी वही काढली.

"हा." सुभेदारांनी पेटीवर थाप मारली. "अठ्ठावीस वर्सं मी फौजंत. सुट्टीवर आलो की ही पेटी उघडायचो, आनि ती दारात हुभी ऱ्हाऊन बघायची. घरभर वास! तिच्या डोळ्यातच दिसायचं. तिला यापरीस कायच आवडत न्हाई."

मगदुमांनी झाकण उघडून आत डोकं घातलं. बूट पॉलिश, कँटीनचा साबण, डांबराच्या गोळ्या, घोंगडीची लोकर. तळाशी रमचाही वास होता. मगदुमांनी लगेच मनात एक उपवास लिहून टाकला.

"मला त्यास्नी येकदा भेटाय लागंल," डोकं बाहेर काढून ते म्हणाले. "ज्याच्या अंगाला लावायचं, त्याला भेटल्याबिगर मी करत न्हाई."

"जमायचं न्हाई. गुपित हाय." सुभेदारांनी हे अशा आवाजात सांगितलं की मगदुमांचा आजवर न मोडलेला नियम तिथंच मोडला.

दशलक्षणाचे दहा दिवस मगदुमांनी त्या पेटीवर घालवले. अत्तर असं उतरलं की बाटली उघडताच मांडीवर पेटी घेऊन बसल्यासारखं वाटावं. सुभेदारांना बोलावलं. त्यांनी एकदा वास घेतला, डोळे मिटले, आणि ते चक्क रडले. ही बाटली आता मांडवातच द्यायची, तोवर तुमच्याकडं राहू दे, असं सांगून ते गेले. मगदूम दिवसभर गल्लीतनं छाती काढून हिंडत होते.

राजमती तांदूळ निवडत होती. तिनं बाटली हुंगली, दोनदा शिंकली आणि म्हणाली, "त्या बाईला इचारलंय का?"

"गुपित हाय ते."

"म्हंजे बाईनं अंगाला काय लावायचं, ते दोन बाप्यांनी एका पेटीत तोंड घालून ठरवलं," राजमती म्हणाली आणि पुन्हा तांदळाकडं वळली.

बोलणं संपलं, पण मगदुमांची झोप उडाली. पंधरा दिवस ते त्या बाटलीकडं बघत राहिले आणि बाटली त्यांना काही सांगेना. शेवटी एका गुरुवारी, सुभेदार माजी सैनिकांच्या बैठकीला साताऱ्याला जातात हे पक्कं करून, त्यांनी कोरेगाव गाठलं. शर्टाच्या खिशाला पेन, हातात फाइल. सुभेदारांच्या मालकीण रंगूबाईंना सांगितलं, "पाण्याचा सर्व्हे हाय. घरोघर पाणी तपासतोय."

रंगूबाई अडुसष्ट वर्षांच्या, ठेंगण्या, डोक्यावरचा पदर घट्ट. त्यांनी पाहुण्याला वर घेतलं आणि माठातलं पाणी तांब्या भरून पुढं केलं. इथं मगदुमांनी स्वतःचाच घात केला. सवय म्हणजे सवय. त्यांनी खिशातनं पांढरं धुतलेलं फडकं काढलं, दुहेरी करून पेल्यावर धरलं आणि पाणी गाळून प्यायले. रंगूबाई बघत राहिल्या. मग सर्व्हेवाला परसात गेला. नळ तिकडं नव्हताच. दोरीवर लुगडी वाळत होती. मगदुमांनी इकडंतिकडं पाहिलं आणि एका लुगड्यात तोंड खुपसलं.

"कसं हाय पानी?" मागनं आवाज आला.

मगदूम लुगड्यातनं बाहेर आले.

"सरकारी मानूस पानी गाळून पीत न्हाई," रंगूबाई शांतपणे म्हणाल्या. "ते वारणंकडचं जैन पित्यात. माज्या थोरल्या भनीच्या शेजारी ऱ्हात्यात, म्हाईत हाय मला. आनि लुगड्याचा वास तर सरकार बी घेत न्हाई, जैन बी घेत न्हाईत. कोन तुमी? खरं सांगा, न्हाईतर हाळी घालते. अख्खी आळी फौजीची हाय."

मगदुमांनी सगळं सांगून टाकलं. पेटी, बाटली, मांडव, गुपित, सगळं. एवढा मोठा अत्तरवाला, पण लुगड्याचा पदर हातात धरून शाळेतल्या पोरासारखा उभा होता. शेवटी बाटली काढून त्यांनी पुढं केली. रंगूबाईंनी बूच काढलं, वास घेतला आणि बाटली लांब धरली. त्यांचा चेहरा उतरला.

"त्योच हाय," त्या म्हणाल्या. "हुबेहूब केलंय. पर बाबा, हा वास मला कवाच सोसला न्हाई."

"सुभेदार तर म्हनत्यात…"

"त्येंला पेटी उघडताना दिसती. मला ती भरताना दिसायची. महिन्याभरानं पुन्यांदा भरायची, त्योच साबन, त्योच पालिश. येतानाचा आनि जातानाचा वास येकच की हो. त्यो घरात आला की मी पयल्या दिवसापासनं मोजाय लागायची. दारात हुभी ऱ्हायची ती त्येच्यापायी. त्येंला वाटायचं, वास आवडतोय."

हे वहीत लिहायचं मगदुमांना धाडस झालं नाही. वही मिटून त्यांनी विचारलं, "मग तुमाला कुठला आवडतो, मावशी?"

रंगूबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की जणू या माणसाला खरंच सरकारनं पाठवलंय. मग त्या हसल्या. "पन्नास वर्सात ह्ये कुनी इचारलं न्हाई. सांगू? यष्टीचा."

"यष्टीचा?"

"डिझेल! माजं म्हायेर खंडाळ्याचं. वर्साला येकदा जायची. म्होरली शीट धरायची, विंजनाजवळची. तापलेली शीट, डिझेलचा धूर, आनि मळमळतंय म्हनून नाकाला लावलेलं लिंबू. वाठार गेलं, लोनंद गेलं की मी कुनाची सून न्हाई, कुनाची बायकू न्हाई. निस्ती रंगू! त्यो वास." त्यांनी पदर तोंडाला लावला. लाजल्या होत्या.

दिवस कलायला लागला होता. मगदुमांनी पश्चिमेकडं पाहिलं आणि पिशवीतला डबा काढला, कारण दिवस मावळल्यावर ते जेवत नाहीत. रंगूबाईंनी न सांगता केळीचं पान आणून दिलं.

आता मगदुमांना खरं काम लागलं. डिझेल बाटलीत घालायचं नव्हतं, घालायचं होतं ते डिझेलनं उठणारं सुख. देवदाराचं काळं तेल, लिंबाच्या सालीचं तेल, इथपर्यंत जमलं. तापलेल्या सीटचा वास काही केल्या येईना. तेव्हा ते भंगारबाजारात गेले आणि एसटीचं एक जुनं दोन माणसांचं बाक उचलून घेऊन आले. ते सोप्यात उन्हाच्या तिरिपेला ठेवलं आणि दिवसभर त्यावर नाक टेकून बसले.

"कंडाक्टर कवा येनार?" राजमतीनं जाता जाता विचारलं.

मांडवाच्या आदल्या दिवशी मगदूम कोरेगावला गेले ते दोन खिशांत दोन बाटल्या घेऊन. वाटेत त्यांनी तीन वेगवेगळी खोटी कारणं तयार केली होती. सुभेदार समोर आले आणि तिन्ही पळाली. मगदुमांनी सरळ सांगितलं. पेटी भरताना काय दिसायचं तेही सांगितलं.

सुभेदारांनी मांडवाची मेढ धरली. मग म्हणाले, "म्हंजे मी येत हुतो, तवा ती मला जाताना बघत हुती."

"व्हय."

"अठ्ठावीस वर्सं." त्यांनी हात पुढं केला. "ती पेटीची बाटली मला द्या. माजी हाय ती. आनि तिची तिला."

दुसऱ्या दिवशी दोनशे माणसांसमोर रंगूबाईंनी बूच काढलं. मांडवातल्या पुढच्या रांगेला वाटलं, जनरेटर गळतोय. दोन पोरं बघायला धावलीसुद्धा. रंगूबाई मात्र डोळे मिटून बसल्या होत्या. मग उघडून नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, खंडाळ्याला जायचं. जीपनं न्हाई. यष्टीनं."

गेले. सुभेदार आयुष्यात पहिल्यांदा बायकोबरोबर तिच्या माहेरी एसटीनं गेले. बर्फातनं ट्रकांचे तांडे नेणारा हा माणूस लोणंदच्या अलीकडं मळमळून पांढरा पडला आणि रंगूबाईंनी आपलं लिंबू त्याच्या नाकाला लावलं. हे त्यांनी स्वतः मगदुमांना फोनवर सांगितलं आणि वर म्हणाल्या, "आता त्येंला बी त्यो वास म्हाईत झाला."

मगदुमांनी फोन ठेवला. सोप्यात एसटीच्या बाकावर राजमती शेंगा फोडत बसली होती. बाक तिला आवडलं होतं, ते तिनं परत जाऊ दिलं नाही. मगदूम शेजारी बसले. सव्वीस वर्षांत त्यांनी तिला सात अत्तरं करून दिली होती आणि जो प्रश्न कोरेगावच्या परक्या बाईला विचारला, तो हिला एकदाही विचारला नव्हता. ते आता त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"तुला कुठला वास आवडतो गं?"

राजमतीनं शेंग फोडली. दाणे सुपात टाकले. "राग मानणार न्हाई?"

"न्हाई."

"तुमी गावाला गेला की दुसऱ्या दिवशी दुपारी ह्या घराला घराचा वास येतो. त्यो."

मगदुमांनी राग मानला. दोन दिवस ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या नवऱ्यावर अत्तरवाल्यानं मात केली. असा एक वास आपल्या स्वतःच्या घरात आहे आणि तो आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांना सहन होईना. पण घ्यायचा कसा? ते आत असले की तो नाही, आणि तो असला की ते नाहीत. त्यांनी सगळ्या बाटल्या, वास घ्यायच्या पट्ट्या, तेलं खोक्यांत भरून मळ्यातल्या मोटरीच्या खोलीत टाकली, नुसत्या पाण्यानं अंघोळ केली, धुतलेले कपडे घातले आणि सांगलीला बहिणीकडं जाऊन राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी बरोबर दोन वाजता ते आपल्या दारात उभे राहिले, दार चार बोटं उघडलं आणि फटीतनं फक्त नाक आत घातलं.

समोरनं लालासाहेब बघत होते. त्यांनी खिडकी लावून घेतली.

"आत तर या, न्हाईतर भायेर तर ऱ्हावा," आतनं राजमती म्हणाली. "दार उघडं ठिवू नका. वास चाललाय माजा."

मगदुमांनी निमूट दार लावलं आणि पायरीवर बसले. थोड्या वेळानं दार पुन्हा उघडलं. राजमती बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी बसली. तिच्या पदराला तो वास होता. मगदुमांनी डोळे मिटले. भिजत घातलेली डाळ ओळखली, उन्हात वाळलेलं जुनं सुती कापड ओळखलं, केसांचं खोबरेल ओळखलं. त्याच्याखाली आणखी एक काहीतरी होतं, साधं आणि उबदार, आणि आष्ट्याच्या या नाकाला त्याचं नाव काही सांगता येईना.

"ह्ये काय हाय गं?"

"ती मी हाय," राजमती म्हणाली. "सव्वीस वर्सं तुमच्या बाटल्यांखाली दडपून गेलेली."

मगदुमांचा हात वहीकडं गेला. राजमतीनं तो धरला आणि सोडला नाही. हात धरायची ती बाई नव्हे, तेही भरदुपारी, गल्लीत. मगदुमांच्या डोळ्यांत पाणी आलं.

खोकी मोटरीच्या खोलीतनं परत आली नाहीत. मगदूम सकाळी मळ्यात जातात, संध्याकाळी मोटरीखाली अंघोळ करतात आणि दिवस मावळायच्या आत घरी जेवायला येतात. 'राजमती' चिठ्ठीची बाटली मात्र त्यांनी घरी आणून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली आहे. ती अजून रिकामीच आहे. कुणी बघत नाही असं बघून मगदूम अधूनमधून तिचं बूच काढतात आणि हुंगतात.